शब्दचर्चा : ‘आवळणे’, ‘कसणे’, ‘पिळणे’ आणि दुचाकीचे प्लॅस्टिक भाग

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी दुचाकी दुरुस्ती शिकवतो. मुलांसाठी टिपणे लिहिताना ‘बोल्ट आवळा’ असे लिहिले, की इंजिनाच्या बोल्टलाही तेच आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या पॅनेललाही तेच, असा अर्थ घेतला जातो आणि पॅनेलच्या छिद्राभोवती पांढऱ्या रेघा उमटतात. या दोन क्रियांसाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत का?

उत्तर : शब्द आहेत, मात्र ते नेमकेपणाने वापरले जात नाहीत. ‘आवळणे’ यात चहूबाजूंनी दाबून लहान करण्याचा भाव आहे. मूठ आवळतात, गाठ आवळतात. ‘कसणे’ यात ताण आहे. कंबर कसतात, खाटेची नवार कसतात. धातूच्या दोन भागांना जोडणारा बोल्ट खरोखरच किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच भाग घट्ट धरून राहतात, म्हणून इंजिनाच्या बोल्टला ‘कसणे’ हा शब्द अर्थानेही शोभतो. ‘पिळणे’ मात्र मर्यादा ओलांडल्याचे सांगतो. ‘त्याने बोल्ट पिळला’ असे गॅरेजमध्ये म्हणतात, तेव्हा आटे, म्हणजे बोल्टवरचे पेचाचे वळसे, गेलेले असतात किंवा मुंडी तुटलेली असते.

प्लॅस्टिकच्या बाबतीत यांपैकी एकही क्रियापद पुरेसे नाही, कारण तिथली रचनाच निराळी आहे. अनेक गाड्यांत पॅनेलच्या छिद्रात रबराची गोल चकती बसवलेली असते आणि तिच्या आत धातूची छोटी नळी असते, जिला कारागीर ‘बुश’ म्हणतात. बोल्टची मुंडी त्या बुशवर टेकली की दाब बुशवर येतो आणि रबर मोकळे राहते. पॅनेल हाताने किंचित हलते ते यामुळेच, आणि ते तसेच हलायला हवे. ते हलते म्हणून आणखी जोर लावणारा माणूस बुश वाकवतो किंवा मागच्या पातळ पत्र्याच्या क्लिपचे आटे घालवतो. म्हणून माझ्या मते येथे ‘टेकेपर्यंत फिरवा’ असेच लिहावे.

आणखी एक मत : वरील विवेचन पटते, परंतु मुलांना मोजमापही द्यावे. धातूत जाणाऱ्या ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी, ज्याला सहसा १० नंबरचा पाना लागतो, सर्वसाधारण तक्त्यांत सुमारे १० न्यूटन-मीटर आवळ, म्हणजे बोल्ट फिरवण्याचा जोर, दिलेला असतो. ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी तो जवळजवळ निम्मा असतो. पॅनेलच्या स्क्रूंना याहूनही कमी लागतो, म्हणून त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. येथे ‘आवळ’ हे नाम ‘टॉर्क’ या अर्थी वापरले आहे, ते मला सोयीचे वाटते.

शिवाय ‘आटा धरणे’ हा गॅरेजमधला शब्दप्रयोग टिपणांत अवश्य घ्यावा. थेट प्लॅस्टिकमध्ये जाणारा स्क्रू पुन्हा बसवताना आधी हलक्या हाताने उलटा फिरवावा. जुन्या आट्याच्या तोंडाशी आला की तो बारीक ‘टक’ करून खाली उतरतो, मग सुलटा फिरवावा. असे न करता रेटला, तर आटा ‘आडवा चढतो’ आणि दोन-तीन वेळांत छिद्र निकामी होते.

प्रश्नकर्ता : दोघांचाही मनापासून आभारी आहे. टिपणातील वाक्य आता असे केले आहे : ‘पॅनेलचे सर्व स्क्रू प्रथम बोटांनी आटा धरेपर्यंत बसवावेत, छिद्रे एका रेषेत आल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच प्रत्येक स्क्रू मुंडी टेकेपर्यंत फिरवावा.’ इंजिनाच्या प्रकरणात ‘कसणे’ ठेवले आहे. ‘स्क्रू सैल होतो म्हणून आट्याला चिकटद्रव लावावा’ हे जुने वाक्य पॅनेलच्या भागातून काढून टाकले आहे, कारण आटे पक्के करणाऱ्या अनेक द्रवांमुळे काही प्रकारच्या प्लॅस्टिकला तडे जातात.