स्किनवॉकर्सपासून सुरू करा
कोणीतरी विचारलंय की अमेरिकन लेखक टोनी हिलरमनच्या नवाहो (अमेरिकेतली एक आदिवासी जमात) पोलिसांवरच्या कादंबऱ्या पहिल्यापासूनच वाचायला हव्यात का. मी म्हणेन नको. १९७० च्या पहिल्या पुस्तकात नवाहो पोलीस अधिकारी लीपहॉर्न आहे खरा, पण कथा बराच वेळ एका प्राध्यापकाच्याच मागे फिरते. जिम ची हा दुसरा नवाहो पोलीस येतो १९८० मध्ये आणि दोघं एकत्र यायला 'स्किनवॉकर्स' (१९८६) उजाडतं, तिथूनच धरा. खरी गंमत दोघांच्या स्वभावात आहे, लीपहॉर्न भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचत तर्क लढवणार, चेटूक म्हटलं की त्याचं डोकं फिरतं, आणि जिम ची पोलिसाची नोकरी सांभाळून विधींची लांबलचक गाणी पाठ करतोय, त्याला पारंपरिक वैदू व्हायचंय. त्यात मृतदेहाजवळ गेलं की 'चिंदी'ची भीती, म्हणजे मेलेल्या माणसाचा मागे उरलेला वाईट अंश (आपल्या चिंधीशी संबंध नाही हां, मलाही आधी तेच वाटलेलं), आता खुनाचा तपास करणाऱ्याने करायचं काय सांगा! आणि कोणाच्या घरी गेलं की लगेच दार वाजवायचं नाही, घरचं माणूस बाहेर येईपर्यंत गाडीपाशीच थांबायचं, हे मला फार आवडलं. हिलरमन स्वतः नवाहो नव्हता, तरी १९८७ मध्ये नवाहोंनीच त्याचा आपला खास मित्र म्हणून सन्मान केला. त्याच्यानंतर मुलगी अ‍ॅन ही मालिका लिहितेय, तिच्या पुस्तकांत बर्नी मॅन्युएलितो या महिला पोलिसाला जास्त वाव आहे, पण ती नंतर वाचा.