शब्द हवा आहे: ‘स्वानुभवी’ की ‘रुग्ण’?

सांजसावली: ३० मार्चला जागतिक बायपोलर दिन असतो, त्यासाठी आमच्या गटाचं मराठी पत्रक करतेय. मला स्वतःला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा आजार, आणि ज्यांनी हे भोगलंय त्यांनीच यावर बोलावं हा आमचा आग्रह. अशा माणसाला मी ‘स्वानुभवी’ लिहिलं तर प्रूफ बघणाऱ्या काकांनी खोडून ‘द्विध्रुवी मनोविकाराचे रुग्ण’ केलं, म्हणे स्वानुभव संतांना असतो. काय ठेवू?

जुनं_खोड: काकांचं अर्धं बरोबर, स्वानुभव म्हटलं की परमार्थच आठवतो. पण ‘द्विध्रुवी’ कशाला? ध्रुव म्हणजे अढळ. या आजारात अढळ काय आहे? आधी मॅनिक डिप्रेशन म्हणायचे, अमेरिकेतल्या डीएसएमने, म्हणजे मनोविकारांच्या अधिकृत यादीने, १९८० मध्ये बायपोलर केलं आणि आपण लगेच त्याचं संस्कृत केलं.

चहाबिस्किट: भूगोलातले दोन ध्रुव शाळेतल्या पोरालाही कळतात. तरी लोक बायपोलरच म्हणतात, तेच ठेवा.

पाणकणीस: पार्किन्सन मित्रमंडळात आजार असलेल्याला शुभार्थी म्हणतात, सांभाळणाऱ्याला शुभंकर. कानाला किती बरं वाटतं.

सांजसावली: शुभार्थी मायेचा शब्द आहे, पण त्यात मी शुभ मागणारी होते. मला मागायचं नाहीये, सांगायचंय. या आजारावरचं लिथियम हे औषध चालू असताना मनानेच मीठ बंद करू नका, निर्जळी उपास करू नका, रक्तातली त्याची लेव्हल वाढते. लेव्हलसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर घ्यायची. हे डॉक्टरही सांगतात हो, पण निर्जळी एकादशी करणाऱ्या सासूबाईंना न दुखवता पाणी कसं प्यायचं हे आमच्यातलीच एखादी सांगू शकते.

जुनं_खोड: मग नुसतं ‘अनुभवी’ करा.

चहाबिस्किट: ती नोकरीची जाहिरात वाटेल.

गडनदी: मला ‘रुग्ण’ खटकत नाही, ‘ती बायपोलर आहे’ खटकतं. मराठीत आजार माणसाला होतो, ताप येतो, देवी यायच्या, माणूस स्वतः ताप नसतो ना. आमच्या आजीच्या भावाला अख्खं गाव ‘भ्रमिष्ट’ म्हणायचं, त्याचं नाव मला मोठेपणी कळलं. आणि आता दुपारी पाऊस आला की पोरं म्हणतात हवा बायपोलर झालीय, फार लागतं ते.

पाणकणीस: खरंय. पत्रकात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं पण टाका. शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं की पुढे माझी निर्णयक्षमता गेली तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत. त्या ॲडव्हान्स डायरेक्टिव्हला काय म्हणायचं?

जुनं_खोड: पूर्वनिर्देश.

गडनदी: कोण समजणार? ‘आगाऊ सूचना’ म्हणा.

चहाबिस्किट: आगाऊ म्हणजे उद्धट! आधीच या माणसांचं कुणी ऐकून घेत नाही.

जुनं_खोड: आगाऊ रक्कम देताना कुणाला उद्धट वाटतं? ‘आगाऊ’मध्ये मूळचं ‘आधीचं’ एवढंच आहे, उद्धटपणा नंतर चिकटला.

चहाबिस्किट: चिकटला ना? मग आता तोच अर्थ.