सल्ला हवा: बँकॉकमध्ये दीड दिवस, थाई राजकीय इतिहास, बजेट कमी

निंबोणी:
नोव्हेंबरात आईसोबत बँकॉकला दीड दिवस मोकळा आहे. आई 68 ची, चालते झकास, पण ऊन सोसत नाही. बीच, मसाज, सफारी नको. राजे, बंडं, लष्कर, लोकशाही हे सगळं जिथं घडलं त्या जागा बघायच्यात. दोघींचे मिळून 1500 बाट, जेवण धरून. जाणकारांनी सुचवावं.

भटका_नाना:
ग्रँड पॅलेस! माणशी 500 बाट. बजेट वाढवा हो ताई, रोज रोज थोडंच जाणं होतं. आम्ही तर रात्री नदीवरच्या बोटीत जेवलोसुद्धा.

खादाडभाऊ:
पॅलेसच्या दारात कुणी "आज बंद आहे" म्हटलं तर ऐकू नका. मी ऐकलं. टुकटुकवाल्याने 20 बाटमध्ये फिरवतो म्हणत नेलं ते थेट रत्नांच्या दुकानात. नीलमची अंगठी घेतली. इथल्या सराफाने भिंगातून पाहिली आणि न बोलता परत केली. घरात अजून विषय निघतो.

चाफेकळी:
अयुथया. 1351 ते 1767, थाई राज्याची चारशेवर वर्षांची राजधानी, बर्मी सैन्याने जाळली. तिसऱ्या वर्गाने रेल्वेला वीसेक बाट लागतात. वट महाथात मंदिरात झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मुखकमल आहे, तिथे वाकून फोटो काढा, मूर्तीपेक्षा उंच उभं राहिलेलं चालत नाही. बिनडोक्याच्या मूर्ती बघून पोटात कालवतं. बर्म्यांनी काय केलंय!

जुनंपान:
सगळी डोकी बर्म्यांच्या माथी नका मारू. नंतर मूर्तीचोरांनीही कापून विकली आहेत.

वाघनखं:
पण मानलं पाहिजे, थायलंड कधीच गुलाम झाला नाही!

जुनंपान:
वसाहत झाली नाही, एवढंच खरं. ब्रिटिशांशी झालेल्या 1855 च्या बाउरिंग तहात आयात जकात 3 टक्क्यांवर बांधली गेली आणि ब्रिटिश प्रजेवरचे खटले ब्रिटिश कॉन्सलकडे गेले. 1893 ला फ्रेंचांच्या तोफनौका बँकॉकपर्यंत आल्या, लाओस गेला. 1909 ला केदा, केलंतान वगैरे मलय संस्थानं ब्रिटिशांना. बाकी अंग वाचवायला बोटं कापून दिली. 1893 आणि 1909 ला गादीवर असलेला राजा चुलालोंगकोर्न 1872 ला मुंबईही बघून गेला होता.

भटका_नाना:
ग्रँड पॅलेसचं कुणी बोलतच नाहीये.

रानवाट:
ताई, राचादम्नोन रस्ता धरा, संध्याकाळी. 24 जून 1932 ला राजाची निरंकुश सत्ता संपली, त्याचं लोकशाही स्मारक तिथंच आहे. चार पंख 24 मीटरचे, भोवती पुरलेल्या तोफा 75, कारण 1932 म्हणजे थाई साल 2475. हे मोजत बसायला मजा येते. 1932 च्या क्रांतीची पितळी पाटी मात्र दुसित राजवाड्याजवळच्या चौकातून 2017 ला गायब झाली. स्मारकापासून पुढे थम्मासात विद्यापीठ, 6 ऑक्टोबर 1976 ला विद्यार्थी मारले गेले ते आवार. शेजारी राष्ट्रीय संग्रहालय, सुखोथायचा जुना राजा रामखम्हेंग याचा शिलालेख त्यात. सोम-मंगळ बंद. आणि राजघराण्यावर मोठ्याने चर्चा नको, राजघराण्याच्या अपमानाच्या कलम 112 खाली 3 ते 15 वर्षं तुरुंग.

चाफेकळी:
स्मारक म्हणजे चौकातला खांब! अयुथयाच करा.

खादाडभाऊ:
खांब तरी बरा. आम्ही स्कायट्रेन चुकून वोंगविएन याईला उतरलो. रहदारीच्या मधोमध घोड्यावरच्या ताकसिन राजाचा पुतळा. वेळ फुकट.

निंबोणी:
सर्वांचे आभार. आईने धागा वाचला. ताकसिन कोण, विचारलं. अयुथया पडल्यावर बर्म्यांना हाकललं, नदीपलीकडच्या थोनबुरीत राज्य उभं केलं, आणि 1782 ला वेडा ठरवून त्याच्याच सरदारांनी ठार केलं, हे सांगितलं. त्यातल्याच सेनापतीचं घराणं आजही गादीवर आहे. म्हणाली, "आधी त्या बिचाऱ्याला बघू." सकाळी तिथं, मग संग्रहालय. अयुथया रद्द, पॅलेस रद्द.

भटका_नाना:
पॅलेस रद्द??

खादाडभाऊ:
ताई, त्या पुतळ्याच्या चौकात रस्ता ओलांडायला भुयारी वाट आहे. आम्हाला अर्ध्या तासाने सापडली.