मदत हवी आहे: ब्रिज तपासणारी बॅश स्क्रिप्ट लिनक्स कर्नलमध्ये पाठवावी का?

नमस्कार मंडळी,

कर्नलला पहिलाच पॅच (कोडमधला बदल) पाठवतोय, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

ब्रिज (कर्नलमधला सॉफ्टवेअर स्विच) शिकतो त्या मॅक पत्त्यांच्या (नेटवर्क कार्डांच्या ओळखक्रमांकांच्या) नोंदी मुदत संपल्यावर जायला हव्यात, त्या कोडमध्ये छोटी दुरुस्ती केली आहे. दुरुस्ती सात ओळींची आणि ती पटवून द्यायला लिहिलेली स्क्रिप्ट दोनशे ओळींची! दोन नेमस्पेस (एकाच मशीनवरची वेगवेगळी नेटवर्कं), व्हीईथच्या (आभासी केबलच्या) जोड्या, ब्रिज. पत्ता शिकवायचा आणि नोंद जाईपर्यंत थांबायचं. मुदत मुळातच 300 सेकंदांची, त्यामुळे सगळं मिळून सहा मिनिटं जातात. शेवटी आयपर्फने (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) वेगही मोजतो, त्याला माझ्या टेबलावरचं दहा गिगाबिटचं कार्ड लागतं.

एक सहकारी म्हणतो एलटीपीला (लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट, लिनक्सच्या चाचण्यांचा संच) दे, ते कर्नलबाहेरच असतं. दुसरा म्हणतो, स्क्रिप्ट कशाला, नुसता पॅच पाठव. कर्नलच्या सेल्फटेस्ट्समध्ये (कर्नलच्या कोडसोबतच ठेवलेल्या चाचण्या) तर बॅशच्या ढीगभर फायली दिसतात. केयुनिटही (कर्नलची दुसरी चाचणी-चौकट) पाहिलं, पण ते कर्नलच्या आतल्या फंक्शनसाठी. मला पॅकेट पाठवून बघायचंय. काय करू?

प्रतिसाद १

सेल्फटेस्ट्समध्येच द्या, पण आहे तशी नको. आयपर्फचा भाग आधी काढा. तुमच्या कार्डावरचा आकडा दुसऱ्याच्या मशीनवर काय सांगणार? ती तुमची मोजणी झाली, कर्नलची चाचणी नव्हे. उरलेलं कोणाच्याही व्हर्च्युअल मशीनवर चालतं आणि ब्रिजचा कोड कोणी बिघडवला तर ओरडतं, म्हणून त्याची जागा त्या कोडशेजारीच.

सहा मिनिटं मात्र चालणार नाहीत. सेल्फटेस्टला मुळात 45 सेकंद मिळतात. सेटिंग्ज फायलीत ती वाढवता येतात, पण त्यापेक्षा ब्रिजची मुदतच कमी करा. ते मूल्य सेकंदाच्या शंभराव्या भागात असतं. 1000 लिहिलंत की दहा सेकंद. (मी एकदा 10 लिहून तासभर डोकं धरून बसलो होतो.)

रूटचे (प्रशासकाचे) अधिकार नसतील किंवा कर्नलमध्ये ब्रिजच नसेल तर नापास न करता 4 हा एक्झिट कोड द्या, म्हणजे 'वगळली' अशी नोंद होते. नवी फाइल करण्याआधी सेल्फटेस्ट्समधली नेट/फॉरवर्डिंग ही डिरेक्टरी चाळा, ब्रिजच्या चाचण्या तिथे आहेत. दुरुस्ती आणि चाचणी एकाच मालिकेत, पण वेगळ्या कमिटमध्ये पाठवा.

प्रतिसाद २

जागा नंतर ठरवा. दुरुस्ती नसलेल्या कर्नलवर स्क्रिप्ट चालवलीत का?

धागाकर्ता

आत्ता चालवली. तिथेही पास झाली! मी ग्रेपमध्ये (मजकूर शोधणारी कमांड) मॅक पत्ता कॅपिटल अक्षरांत लिहिला होता, ब्रिज कमांड तो स्मॉल अक्षरांत छापते. नोंद कधी सापडतच नव्हती, आणि 'सापडली नाही' म्हणजे 'गेली' असं मी धरून चाललो होतो. आधी ती आली होती का, हे तपासलंच नव्हतं.

पत्ता सुधारला, नोंद आल्याची तपासणी घातली, मुदत दहा सेकंदांवर आणली. आता जुन्या कर्नलवर नापास, नव्यावर पास. आयपर्फचा भाग माझ्याकडेच ठेवतोय. नेट/फॉरवर्डिंगमध्ये व्हीलॅन ब्रिजची फाइल दिसतेय. त्यातच एक फंक्शन घालू की वेगळी फाइल करू?

प्रतिसाद १

त्यातच घाला. मांडणी तयार मिळते, तुमच्या दोनशे ओळींतल्या तीसेक उरतील.