शब्दचर्चा : प्रतिज्ञेतला ‘पाईक’ पहिली-दुसरीला कसा समजवावा?

पाटीपेन्सिल :
आमच्याकडे गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत पहिलीतल्या मुलांची प्रतिज्ञा दिवाळीपर्यंत तोंडपाठ होते. अर्थ विचारला की वर्ग गप्प. आठ वाक्यांपैकी पहिलं आणि तिसरं आपोआप कळतं. पुढे पाईक, पात्रता, सौजन्य, निष्ठा, सौख्य. मुलं घरी कोंकणी बोलणारी. ‘पाईक’ म्हणजे शिपाई असं सांगितलं तर त्यांच्या डोळ्यांपुढे घंटा वाजवणारा शिपाईच येतो. दुसरा कोणता शब्द वापरता?

अंत्रुजकर :
आधी मोठ्यांपुरता अर्थ. पाईक म्हणजे पायी चालणारा सैनिक, त्यावरून धन्याशी इमान राखणारा सेवक. तुकारामांचे पाईकाचे अभंग आहेत, तिथे हाच भाव आहे. मूळ प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली, आणि २६ जानेवारी १९६५पासून ती देशभर म्हटली जाऊ लागली. इंग्रजी पाठात या जागी ‘त्या वारशाला शोभेसं होणं’ एवढंच आहे, हिंदीत ‘सुयोग्य अधिकारी’. म्हणजे हिंदीत हक्कदार आणि मराठीत चाकर! हिंदीच्या आधाराने पाईक समजवायला गेलात तर अर्थ उलटाच व्हायचा.

मुलांसाठी ‘राखणदार’ म्हणा. गोव्यातल्या पोराला गावचा राखणदार सांगावा लागत नाही.

सत्तरीकर :
राखणदार अर्धाच बसतो. राखणदार गावची राखण करतो, आणि मुलांच्या लेखी तो देव आहे. ‘तू परंपरेचा राखणदार’ म्हटलं की देव व्हायचं का, असं विचारणारा एक तरी निघतो. पाईक राखतो तसा चालवतोही. म्हणून दोन क्रियापदं द्या : ‘राखतो आणि पुढे नेतो’. उदाहरण शिगम्याचं, म्हणजे आपल्या होळीच्या दिवसांतल्या उत्सवाचं, घ्या. रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, ढोल-ताशा वाजवणारे कोण? त्यांनी वाजवणं सोडलं तर काय होईल? मग ताशा शिकणारा मुलगा कोण? उत्तर वर्गातूनच येतं. धालो, फुगडी ही बायकांची नाचगाणी आणि कांतार, मांडो ही ख्रिस्ती घरांतली गाणी, यांतलंही एकेक नाव घ्या, नाहीतर परंपरा म्हणजे फक्त देवळातली असं मुलांच्या मनात बसतं आणि वर्गातली ख्रिस्ती मुलं बाजूला पडतात.

सांगे तालुक्याकडच्या मुलांना पाईकदेव या तिथल्या देवाचं नाव ठाऊक असतं. तिथे शब्द ओळखीचा आहे, पण अर्थ देवाकडून सुरू करू नका, पुन्हा तोच घोळ.

पाटीपेन्सिल :
‘विविधतेने नटलेल्या’चं काय? मुलं ‘नट’ ऐकून नाटकात जातात.

सत्तरीकर :
जाऊ द्या की, नटाला नटवतातच! तिथून चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, माटोळीवर या; ती गणपतीच्या वर टांगतात. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचा घोस, तोरिंजन, आंबाडे, चिबूड बांधलेले असतात. मुलांना पाच वस्तू फळ्यावर सांगायला लावा, मग विचारा, सगळे नारळच बांधले तर? विविधता हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही, नंतर सांगितला तरी चालतो.

अंत्रुजकर :
कोंकणी हाताशी आहे तर वापरा, पण जपून. प्रतिज्ञा करणं म्हणजे ‘उतर दिवप’ (कोंकणीत उतर म्हणजे शब्द), हे मुलाला लगेच कळतं. मात्र मराठी वहीत ते ‘उत्तर देणे’ होतं आणि प्रतिज्ञा म्हणजे प्रश्नाचं उत्तर असं पोर लिहून मोकळं. म्हणून ‘उतर’ फक्त तोंडी, फळ्यावर ‘शब्द देणे’. ‘आण’ आणि ‘आंगवण’ दोन्ही टाळा. आण खरं-खोटं करताना घेतात आणि आंगवण देवाला बोलतात. मोडली तर देव कोपेल ही भीती प्रतिज्ञेला चिकटायला नको.

‘वडीलधाऱ्या’ला कोंकणीतला ‘व्हडील’ सरळ उपयोगी पडतो. आजच्या मराठीत वडील म्हणजे बाप, त्यामुळे मराठी घरातलं मूलच इथे जास्त गोंधळतं. आजी वडीलधारी कशी, हा प्रश्न त्याच्याकडूनच येणार.

फळाखडू :
‘मान ठेवीन’ राहिलं. मुलं मान म्हणताना मान वाकवतात, गळ्यावरची. लिंगाने सोडवा : पालकांचा मान, जिराफाची मान. ‘चा’वर जोर देऊन तीनदा म्हणायला लावलं की पुरे.

‘सौजन्य’ मुलांनी जत्रेच्या नाटकाच्या बॅनरवर वाचलेलं असतं, खाली दुकानाचं नाव. त्यांना वाटतं पैसे देणं. पहिलीत ‘गोड बोलणं, ढकलाढकली न करणं’ एवढाच अर्थ द्या. सुजनपासून सौजन्य, सुखापासून सौख्य, ही जोडी चौथीला.

अंत्रुजकर :
‘बांधव’ म्हणजे फक्त भाऊ नव्हे, हेही सांगा. बांधव म्हणजे नात्याने बांधलेले, त्यात बहिणी आल्या. मुली ‘मग आम्ही?’ असं विचारतात ते बरोबरच आहे. मूळ धातू बांधण्याचा. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचा, बांध पाहिलेल्या मुलांना तो सांगायला हरकत नाही, पण हट्टाने नको.

फळाखडू :
अर्थाआधी तोडणी बघा, निम्मा गोंधळ तिथे आहे. पुढे उभा राहिलेला मुलगा श्वास संपेल तिथे थांबतो : ‘त्या परंपरांचा पाईक / होण्याची पात्रता माझ्या / अंगी यावी’. मागचे तसंच म्हणतात आणि वाक्याचा चुरा होतो. तोडणी अशी ठेवा : ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची / पात्रता माझ्या अंगी यावी / म्हणून मी सदैव प्रयत्न करीन’. पुठ्ठ्यावर तिरप्या रेघा मारून सांगणाऱ्याच्या हातात द्या. ‘अंगी यावी’ला मुलं भार येण्याशी, म्हणजे अंगात देव येण्याशी, जोडतात, तेव्हा ‘पोहणं अंगी येतं’ हे उदाहरण आधीच देऊन ठेवावं.

आठवड्याला एकच वाक्य, परिपाठानंतर पाच मिनिटं. सगळी आठ वाक्यं एका तासात ‘समजावून’ टाकली तर दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. शब्दार्थ पाठ करून घेऊ नयेत, नाहीतर प्रतिज्ञेसोबत अर्थही पोपटासारखा येतो. ‘आज सौजन्याने कोण वागलं?’ असं विचारा. नाव मुलांनी दुसऱ्याचं घ्यायचं, स्वतःचं नाही. आणि ‘निष्ठा’चा ‘नि’ प्रत्येकाकडून वेगळा ऐका. घोळक्यात काय ऐकू येतं ते इथे लिहीत नाही.

पाटीपेन्सिल :
‘करीन’ की ‘करेन’? पालक वहीत ‘करेन’ दुरुस्त करून पाठवतात.

अंत्रुजकर :
करीन, ठेवीन, पण वागेन. सकर्मक क्रियापदाला ‘ई’, अकर्मकाला ‘ए’. प्रयत्न करायचा, मान ठेवायचा, म्हणून तिथे ई. वागण्याला कर्म नाही. पाठ्यपुस्तकातला पाठ बरोबर आहे, पालकांना तोच दाखवा.

पाटीपेन्सिल :
पुठ्ठा उद्या करते. ‘देशबांधव’ जोडूनच ना?

फळाखडू :
जोडून. आणि अक्षर मोठं काढा, सांगणारा हात पुढे करून उभा असतो, पुठ्ठा डाव्या हातात लांब राहतो.