अनुभव धागा: एका वर्गातली चाळीस पोरं, चाळीस तऱ्हा. काय चालतं, काय फसतं?

खडूमास्तर
कपाट आवरताना जुन्या प्रशिक्षणातली प्रश्नावली हाती लागली, 'तुमचा विद्यार्थी पाहून शिकतो, ऐकून शिकतो की करून?' म्हणून हा धागा.

नील फ्लेमिंगची 1992 ची विभागणी अशीच, फक्त तिच्यात 'वाचून-लिहून' हा चौथा प्रकारही आहे. 2008 मध्ये मानसशास्त्रज्ञ पॅशलर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. मुलाच्या 'शैली'बरहुकूम शिकवलं की जास्त येतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तेव्हा पोरावर शिक्का नको. घटकच दोन-तीन वाटांनी सगळ्यांसमोर ठेवायचा.

अपूर्णांक घ्या. कागदाच्या 24 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद पट्ट्या कापा. निम्मा 12, तिसरा भाग 8, चौथा 6, सहावा 4, आठवा 3. सगळं पूर्ण सेंटिमीटरात येतं. घडी घाला, रंगवा, एकाखाली एक ठेवा, मग तोंडाने म्हणायला लावा, 'एक तृतीयांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा'. फसतं कुठे? पोरं घरून वेगळ्या लांबीची पट्टी आणतात आणि लहान पट्टीचा अर्धा मोठ्या पट्टीच्या तिसऱ्या भागाशी लावून बघतात. पट्ट्या शाळेतच, एका मापाने. आणि भाकरीचं चित्र काढून तिसरा भाग दाखवू नका. गोलाचे तीन सारखे भाग मोठ्यांनाही धड जमत नाहीत.

पूर्वभागवाली
आमच्याकडे, सोलापूरच्या पूर्व भागात, शैलीच्या आधी भाषा येते ओ सर. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. तेलुगूत 21 म्हणताना आधी वीस, मग एक. कन्नडमध्येही तसंच. मराठीत आधी एक. पोरगं 'एकवीस' ऐकतं आणि ऐकलं त्या क्रमाने 12 लिहितं. गणित कच्चं म्हणून त्याला मागे बसवतात, आणि गणित तर पक्कं असतं!

उपाय: एकावर एक ठेवायची कार्डं. दशकाची (10 ते 90) 8 सेंमी रुंद, एककाची (1 ते 9) 4 सेंमी. एककाचं कार्ड दशकाच्या शून्यावर बसवायचं, उजवी कड जुळवून. शेजारी ठेवलं की 201 होतं, ही चूक हमखास होणार. ती होऊ द्या आणि त्यावरच बोला. नंतर एकोणतीस, एकोणसाठ वेगळे घ्या, तिथे मराठी घरातली पोरंही घसरतात.

शेंगाचटणी
2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा दंगा झाला होता. पूर्व भागातल्या पोरांना विचारलं असतं तर म्हणाली असती, हेच तर बरंय 😄

पूर्वभागवाली
😄😄 दोन्ही म्हणून घ्या. वाचन 'वीस एक, एकवीस' असं जोडीने. उर्दूतही मराठीसारखाच आधी एकक येतो, तिथे हा घोळ नाही.

मागावरचा
गुणाकाराला चादर आणा वर्गात. उभे धागे ताणा, आडवे बाणा, घरी माग असलेल्या पोराला सांगावं लागत नाही. चौकड्याचा कोपरा घ्या, 6 ओळी, 4 रकाने, मोजा. चादर फिरवा. 4 ओळी, 6 रकाने, चौकडे तेवढेच. वर्गात कधी तोंड न उघडणारा पोरगा इथे शिकवायला उभा राहतो. नक्षीची चादर नको, चौकडे सारखे नसतात.

जोडशाळा
दशकाला काड्यांचे गठ्ठे वापरता ना सगळे? ज्या घरात बिड्या वळतात तिथल्या पोरांना बंडल माहीत असतं, पण ते दहाचं नसतं. म्हणून 'गठ्ठा म्हणजे दहा' हे गृहीत धरू नका. प्रत्येक वेळी मोजून रबर लावायला सांगा.

बुजऱ्या पोरांबद्दल: आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला की बाकीचे 39 झोपतात आणि तो एक घाबरतो. आधी प्रश्न. मनात तीन मोजा. बहुतेक जण एक सेकंदही थांबत नाहीत, मीपण त्यातलीच 🙈 मग अर्धा मिनिट शेजाऱ्याला सांगू द्या, आणि मग नाव. 'तुझ्या शेजारणीने काय सांगितलं?' असं विचारलं की बुजरी पोरगीही बोलते, कारण चूक तिची नसते.

शेंगाचटणी
आणि जो सारखा हात वर करून 'बाई मी, बाई मी' करतो त्याचं काय?

जोडशाळा
त्याला फळ्यावर इतरांची उत्तरं लिहायला उभं करा. लिहायचं म्हणजे ऐकावं लागतं 😌

बार्शीकर_बाई
भाकरी टाकून आले, घाईत लिहिते. 'हा पाहून शिकत नाही' म्हणण्याआधी डोळे तपासा. फळ्यावरून उतरवताना चुका आणि पुस्तकातून उतरवताना बरोबर, म्हणजे चष्मा हवाय. पाठीमागून हळू हाक मारा, तीन वेळा ओ नाही आला तर कान. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा ही नावं आधीच लिहून द्या, नाहीतर रांगेत अर्ध्या मिनिटात पोर पुढे सरकतं.

भ-म, घ-ध, ख आणि रव यांची गल्लत दुसरीपर्यंत बऱ्याच जणांची होते. तिसरीच्या शेवटीही तशीच असेल आणि तोंडी उत्तरं मात्र उत्तम असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत ती येते. दाखला असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. पालकांना 'मंद' हा शब्द चुकूनही ऐकवू नका.

माढा_लाईन
डिसले सरांच्या परितेवाडीचं कुणी काढलं नाही अजून, आपलाच माढा तालुका 😊 त्यांचं 2020 चं जागतिक शिक्षक पारितोषिक सगळ्यांना आठवतं, पुस्तकातले क्यूआर कोड वर्गात वापरतं कोण? कविता तीनदा ऐकायची असेल तर उपयोग आहे. पण घरात फोन एक, तो वडिलांबरोबर कामावर. गृहपाठ 'ऐकून या' असा देऊ नका. मधल्या सुट्टीआधी दहा मिनिटं शाळेच्या फोनवर, सहा जणांत एक फोन. जास्त जण झाले की मागच्यांना ऐकू येत नाही आणि ढकलाढकली सुरू.

खडूमास्तर
बाई, डोळ्यांचं फार महत्त्वाचं. वाचनाचे स्तर (प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) ठरवताना एक धरा: गट महिन्याने बदललाच पाहिजे. गट तोच आणि बाकही तेच राहिले की पोरांना स्वतःचा 'नंबर' पाठ होतो. आणि गट फक्त वाचनाच्या तासापुरता. परिसर अभ्यासाला सगळे मिसळून.

शेंगाचटणी
एप्रिलमधली सकाळची शाळा, अकराचा तास, पत्र्याचं छप्पर. तिथे कुठली शैली चालते ते सांगा 🥵

मागावरचा
झोपायची 😂 खरं सांगू, अवघड घटक साडेसातला. अकराला वाचून दाखवणं नाहीतर कोडी. मागच्या गल्लीत माग चालू असले तर तोंडी सूचना निम्म्या ऐकूच जात नाहीत, पायऱ्या फळ्यावर लिहा. एका वेळी तीनच.

पूर्वभागवाली
कार्डांना लॅमिनेशन करावं का? नव्या पेठेत कुठे स्वस्तात होतं?

बार्शीकर_बाई
नको गं, खिडकीचा उजेड पडला की चकाकतं, मागच्या बाकाला काही दिसत नाही. जुन्या लग्नपत्रिका कापा, जाड असतात. छापील बाजू आत, दोन चिकटवून.

पूर्वभागवाली
पत्रिका ढिगाने आहेत! पण सोनेरी नक्षीवर फेविकॉल धरेना की ओ ताई

बार्शीकर_बाई
आधी पॉलिश पेपर मार थोडा, मग धरतं.