सिंहासनमध्ये सगळ्यात भारी काम कुणाचं, निळूभाऊ की सरनाईक?

बाळीवेसकर:
परवा रात्री वडिलांबरोबर सिंहासन पिक्चर परत बघितला. वडील सगळी नोकरी पावरलूमवर केलेले, त्यामुळं पडद्यावर कामगार पुढारी डिकास्टा आला की त्यांचा भाकरीचा घास हातातच राहतो, म्हणतात सतीश दुभाषी नुसता उभा राहिला तरी युनियनचाच माणूस वाटतो बघ. पण बेस्ट कोण विचारलं की अरुण सरनाईक. मला निळू फुले वाटतात. तुमचं काय मत?

पूर्व भागवाला:
काकांचं बरोबर आहे. तुमच्याविरुद्ध कट शिजतोय असा निनावी फोन येतो, तिथनं पुढं सरनाईकांचा चेहरा बघत बसा फक्त. खुर्ची हलायलीय हे आतून कळलंय पण समोरच्याला कळू द्यायचं नाही, हे सगळं डोळ्यांत. कोल्हापूरचा हा गाणारा हिरो असला मुरलेला मुख्यमंत्री करेल असं कुणाला वाटलं असेल का.

सात रस्ता:
मी निळूभाऊंच्या बाजूनं. ज्या माणसाला पडद्यावर बघून गावोगाव बायका शिव्या घालायच्या त्यालाच पत्रकार दिगू टिपणीस दिला आणि त्यांनी काय केलं तर नुसतं ऐकलं. प्रत्येक पुढारी दिगूजवळ पोटातलं बोलतो कारण त्याचं तोंडच तसंय, खांदे पडलेले, थकलेला. आणि शेवटचं ते वेड लागल्यासारखं हसणं! पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रात्रभर झोप नाही राव.

पंढरीचा:
लागूंचं नाव कुणीच घेईना का? खुर्चीसाठी तडफडणारा अर्थमंत्री दाभाडे लागूंशिवाय डोळ्यासमोरच येत नाही. तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या २ कादंबऱ्यांतनं पटकथा लिहिली, पण १९७९ ला एवढी तगडी माणसं एका पिक्चरमध्ये जमवली ती जब्बार पटेलांनी. जन्म आमच्या पंढरपूरचा आणि शाळा तुमच्या सोलापुरातली हरिभाई देवकरण, हे विसरू नका. स्वतः डॉक्टर, लागू पण डॉक्टर, मोहन आगाशे पण डॉक्टर, म्हणून नाडी बरोबर सापडली असं मला खरंच वाटतं.

बाळीवेसकर:
दाभाडे राहिलाच, मान्य. सगळ्यांचं वडिलांना वाचून दाखवलं. सरनाईक सोडायला तयार नाहीत, पण म्हणाले रविवारी परत लाव, या टायमाला मुख्यमंत्र्याकडं बघत नाही, दिगूकडं बघतो.